आधी परत म्हणा, मग चिठ्ठी

तांडापेठेत कोणालाही ठवकर डॉक्टरांचा दवाखाना विचारा. माणूस क्षणभर डोकं खाजवतो आणि मग म्हणतो, "शोभाताईचा दवाखाना का? मग असं सांगा ना!" पाटी डॉ. कृष्णकांत ठवकरांची, भिंतीवरची डिग्री त्यांची, खुर्चीवरचा टॉवेलसुद्धा त्यांचाच, पण दवाखाना शोभाताईंचा. डॉक्टरांनाही हे ठाऊक आहे आणि ते त्यावर हसतात, हा त्यांचा मोठेपणा.

शोभाताई निपाने डॉक्टर नाहीत, नर्स नाहीत, कसलं सर्टिफिकेट म्हणाल तर बारावीचं. पण सव्वीस वर्षं त्या एकाच खिडकीमागे बसल्या आहेत. आत डॉक्टर तपासतात, लिहितात, पथ्य सांगतात. पेशंट चिठ्ठी घेऊन बाहेर येतो आणि खिडकीत देतो. शोभाताई गोळ्या काढून समोर ठेवतात, पण त्यांच्यावर एक हात ठेवून. चिठ्ठी दुसऱ्या हाताखाली. आणि मग चष्म्यावरून बघत म्हणतात, "हं. डॉक्टर काय म्हणाले? परत म्हणा." म्हटल्याशिवाय ना गोळी, ना चिठ्ठी. एकदा एक कंत्राटदार तापले, "मले काय शाळेतलं पोट्टं समजता का?" शोभाताई म्हणाल्या, "शाळेतल्या पोट्ट्याले एकदा सांगितलं की समजते. तुम्ही परत म्हणा." त्यांनी म्हटलं. करतील काय, मागे बारा माणसं उभी होती.

या नियमामागे चंद्रभान आहेत. चंद्रभान म्हणजे कोपऱ्यावरचे सायकल दुरुस्तीवाले. वीसेक वर्षांपूर्वी सर्दीनं बेजार होऊन आले. डॉक्टरांनी वाफ घ्यायच्या कॅप्सूल दिल्या. तीन दिवसांनी परत हजर. शोभाताईंनी विचारलं, "वाफ घेतली का?" तर म्हणे, "घेतली ना बाई, दोन सकाळी, दोन संध्याकाळी, पाण्यासंगं. घशातून कापूर कापूर वास येऊन राहिला." अरे देवा! कॅप्सूल फोडून गरम पाण्यात टाकायची, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं असं नाही. सांगितलं होतं, त्यांनी मान हलवली होती. त्या दिवसापासून शोभाताईंचा मानेवरचा विश्वास उडाला. मान काय, बैलही हलवतो.

आता नागपूरच्या उन्हाचं कौतुक सगळीकडे आहे. आमच्या थंडीला कोणी विचारत नाही. पण पौषातल्या पहाटे ज्यानं इथं नळाखाली हात धरला आहे, त्यालाच माहीत. दिवसा ऊन मस्त असतं, म्हणून लोक फसतात. बीपीची गोळी "थंडीत काय गरज" म्हणून बंद करतात, तहान लागत नाही म्हणून पाणी पीत नाहीत, आणि पहाटे साडेचारला कानटोपी न घालता फिरायला निघतात, जणू काही तिकडे बक्षीस वाटून राहिले. म्हणून दिवाळी झाली की ठवकरांच्या दवाखान्यात गुलाबी कार्डं निघतात. साठीच्या पुढच्या प्रत्येक पेशंटचं एक कार्ड. त्यावर पाच प्रश्न. बीपी-शुगरची गोळी चालू आहे का, पाणी किती पिता, खोकला किती दिवसांचा, विडी-तंबाखू आहे का, आणि घरात कोळसा किंवा लाकूड जाळता का. प्रश्न डॉक्टरांचे, विचारायचं काम शोभाताईंचं. प्रत्येक प्रश्नापुढे त्या स्वतःच्या हातानं उत्तर लिहितात, आणि त्यांचं अक्षर इतकं सुबक की डॉक्टर स्वतःचं लिहिलेलं त्यांच्याकडून वाचून घेतात.

त्यांना या कार्डांचा भारी अभिमान. का नसावा! मागच्या पाच हिवाळ्यांत वस्तीतल्या किती म्हाताऱ्या माणसांना त्यांनी दटावून दटावून गोळ्यांवर ठेवलं, लस टोचून घ्यायला लावली, फिरायची वेळ ऊन पडल्यावरची करून दिली. एक सून नातवाला घेऊन आली आणि म्हणाली, "ताई, थंडी हाये, संत्री बंद केली बरं का मी." शोभाताईंनी कपाळावर हात मारला. "नागपुरात राहून संत्री बंद? काहून? फ्रिजमधलं देऊ नको, उन्हात बसवून दे. परत म्हण." सुनेनं परत म्हटलं आणि नातू खुश झाला.

तर अशा या शोभाताई. आणि यांच्याच घरात, म्हणजे माहेरी, त्यांच्या नाकाखाली जे झालं ते आता ऐका.

दवाखान्यापासून दोन गल्ल्या सोडून त्यांचे थोरले भाऊ राहतात, मारोतराव पराते. वय अडुसष्ट, शोभाताईंपेक्षा चौदा वर्षांनी मोठे. वडील गेले तेव्हा शोभाताई सहा वर्षांच्या होत्या. विणकराच्या घरात सहा वर्षांची पोरगी म्हणजे कांड्या भरायला हक्काचा हात. धोट्यात जी सुताची गुंडाळी बसते ती कांडी, आणि ती चरख्यावर भरत बसायचं काम बायका-पोरींचं. मारोतराव तेव्हा वीस वर्षांचे. आईनं पोरीला चरख्यापुढे बसवलं, तर यांनी उचलून शाळेत नेऊन टाकलं. आई ओरडली, "मंग कांड्या कोण भरन?" मारोतराव म्हणाले, "मी बायको आणतो, पण ही शाळेत जाईल." आणि खरंच वर्षभरात रुख्माबाईंना लग्न करून आणलं. रुख्माबाई आजही हे सांगताना हसून हसून डोळे पुसतात, "मले काय बाई नवऱ्यानं पाहून आणली? कांड्यांसाठी आणली!"

मारोतरावांनी हे बहिणीला कधी ऐकवलं नाही. तुला मी शिकवलं, असं एकदासुद्धा तोंडातून काढलं नाही. आणि शोभाताईंनी भावाला कधी उलटून काही विचारलं नाही. भाऊ बोलले की शब्द खाली पडायचा नाही.

गल्लीत आता एकच खड्ड्याचा माग उरला आहे, तो मारोतरावांचा. जमिनीत कमरेइतका खड्डा, विणकर काठावर बसतो, पाय खाली खड्ड्यात, पायांनी पावड्या दाबायच्या आणि हातांनी धोटा मारायचा. एकेकाळी या गल्लीत पहाटेपासून खटखट चालायची. एकेक करत लोक यंत्रमागावर गेले, रिक्षावर गेले, कचेरीत गेले. मारोतरावांचा मुलगा पंकज मिहानमध्ये कंपनीत लागला. पण मारोतराव अजून करवती काठाची साडी विणतात, करवतीच्या दातांसारखा नक्षीचा काठ, दोन्ही बाजूंनी सारखा, एक दात इकडे तिकडे नाही. एका साडीला महिना जातो. कोणी विचारलं, आता काहून विणता गा, तर म्हणतात, "मंग काय करू, बसून भिंत पाहू?"

यंदा डिसेंबर संपता संपता मारोतरावांचं डोकं दुखायला लागलं. सकाळी सात वाजता मागावर बसावं, नऊपर्यंत कपाळ ठणकायला लागावं, मळमळावं, कधी उलटी. काठाचे दात उलटसुलट पडायला लागले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी विणलेला चार बोटं काठ उसवला. दवाखान्यात आले तर डॉक्टरांनी बीपी पाहिला, बराच वाढलेला होता. गोळी बदलून दिली. चष्म्याचा नंबर तपासून घेतला. रक्त पाहिलं. आणि गंमत अशी की दवाखान्यात येईपर्यंत मारोतरावांचं डोकं निम्मं उतरलेलं असायचं. "चालत आलो न, बरं वाटून राहिलं," म्हणायचे. डॉक्टरांनी कपाटातून त्यांचं गुलाबी कार्ड काढलं, पाची उत्तरं वाचली आणि सुस्कारा टाकला. काही सापडेना. शेवटी म्हणाले, "मारोतराव, डोक्याचा स्कॅन करून घेऊ."

इकडे घरी पंकजनं स्वतःचं निदान करून टाकलं होतं. बाबांचं डोकं दुखतं ते मागामुळे. वय झालं, वाकून वाकून मान गेली, नजर गेली. उन्हाळ्यात त्यानं मोठ्या हौशीनं घर नीट केलं होतं, जुने कवेलू, म्हणजे छपराची कौलं, काढून वर स्लॅब टाकला, भिंतींना गिलावा, सरकत्या काचेच्या खिडक्या, फरशी. फक्त मागाच्या खोलीतला तो खड्डा तेवढा राहिला होता. त्यानं गवंड्याला सांगून टाकलं. रविवारी सकाळी खड्डा बुजवायचा, वर फरशी. पोरगा वाईट नाही, आईबापाच्या जिवावर बेतलं की माणूस असंच करतो. मारोतरावांनी दोन दिवस भांडून पाहिलं. तिसऱ्या दिवशी उलटी झाली आणि ते म्हणाले, "बुजव बाबा. पण ही साडी होऊ दे. चार बोटं राहिली हाये. शनवारपर्यंत काढतो."

हे शोभाताईंना कळलं तेव्हा त्यांना रडू आलं. खड्डा बुजवणार याचं रडू तर होतंच, पण भावानं "बुजव" म्हटलं याचं जास्त. तो माणूस कधी कशाला हो म्हणायचा नाही. त्या रात्री त्यांनी नवऱ्याला दहा वेळा विचारलं, "भाऊले काही मोठं तर नसन ना झालं?" नवरा बिचारा काय सांगणार, झोपून गेला.

शनिवारी सकाळी साडेनऊ वाजता दवाखान्यात ही गर्दी. खोकले, शिंका, पोट्ट्यांचं रडणं. शोभाताई खिडकीत बसून एकाचं परत म्हणणं ऐकत होत्या, तेवढ्यात रुख्माबाई आल्या. शाल डोक्यावरून घेतलेली, चेहरा पांढराफटक.

"काहून वं वहिनी?"

"काही नाही वं. उद्या गवंडी येणार हाये न, त्याच्या पहिले मागाची पूजा करतो म्हणून राहिले तुझे भाऊ. तू येशील का सात वाजता, हेच सांगायले आली." रुख्माबाई बाकड्यावर बसल्या आणि डोळे मिटले. "अन् मले दोन गोळ्या दे डोक्याच्या. मले बी दुखून राहिलं. कांड्या भरता भरता गरगरलं, तिथंच आडवी झाली मी. बाहेर आली तेव्हा कुठं बरं वाटलं."

शोभाताई गोळ्यांच्या डब्यात हात घालता घालता थांबल्या.

भावाला बीपी आहे. भावाचा चष्मा जुना. भाऊ वाकून बसतात, भावाची मान गेली. सगळं खरं. पण वहिनीला यातलं काहीच नाही. वहिनी चरख्यापुढे ताठ बसते. मग दोघांचं डोकं एकाच सकाळी, एकाच खोलीत कसं दुखतं? आणि दोघांनाही बाहेर आलं की बरं कसं वाटतं?

"वहिनी, त्या खोलीत काय हाये?"

"काय असणार वं? माग हाये, चरखा हाये."

"खिडक्या?"

"बंद. थंडीत सूत कडक होते, तुटते. हे उघडू देत नाही."

"अजून काय हाये? नीट सांग."

"काही नाही. शेगडी हाये खड्ड्यात, पाय शेकायले. ते तर तुले माहीतच हाये, बाबा पण ठेवत होते म्हणे. तूच तर भरून देत होती लहानपणी."

शोभाताईंनी गोळ्यांचा डबा बंद केला.

होतं. माहीत होतं. पाच-सहा वर्षांची असताना अंगणात कोळसे फुंकून, धूर पूर्ण निघाला, निखारा लाल झाला की चिमट्यानं शेगडी उचलून खड्ड्याच्या कोपऱ्यात ठेवायची, हे काम तिचंच होतं. बाबांचे पाय गरम राहायचे. डोकं कधी कोणाचं दुखलं नाही. कारण वर कवेलू होते, दोन कवेलूंच्या मधून आभाळ दिसायचं, आणि जे काही निघायचं ते वर निघून जायचं. आता वर स्लॅब होता. बाजूला काचेच्या खिडक्या, फटसुद्धा नाही. आणि निखाऱ्यातून जो विषारी गॅस निघतो, त्याला ना धूर असतो, ना वास. हे तर त्या स्वतः पाच वर्षं लोकांना खिडकीतून ओरडून ओरडून सांगत होत्या. बंद खोलीत शेगडी नाही म्हणजे नाही, परत म्हणा!

"भाऊ कुठं हायेत आता?"

"मागावर. चार बोटं राहिली होती न."

शोभाताई उठल्या. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी चालू दवाखान्यात खिडकी सोडली. डॉक्टरांच्या दारातून आत डोकं घातलं आणि एवढंच म्हणाल्या, "डॉक्टर, भाऊ बंद खोलीत शेगडी घेऊन बसलेत, तुम्ही या," आणि पळत सुटल्या. चौपन्न वर्षांची बाई, गुडघे दुखणारी, अंगावर दवाखान्याचा पांढरा कोट. भाजीवाल्याची गाडी आडवी आली तर तिला वळसा घातला. लोक बघतच राहिले.

मागाच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत ऊबदार हवा, आणि मारोतराव काठावर बसून विणलेल्या कापडावर डोकं ठेवून पडलेले, जणू डुलकी लागली आहे. धोटा हातातून सुटून खाली. "भाऊ!" हाक मारली तर हूं केलं, डोळे उघडले नाहीत. शोभाताईंनी आधी सगळ्या खिडक्या आणि दार सताड उघडलं. मग काखेत हात घालून ओढायला गेल्या, तर पाय खड्ड्यात, अंग जड, हलेना. त्यांनी दारात येऊन अशी आरोळी ठोकली की चंद्रभान हातातलं चाक टाकून धावत आले. दोघांनी मिळून मारोतरावांना उचललं आणि अंगणातल्या उन्हात आणून आडवं केलं. तोवर डॉक्टर पोहोचले होते. त्यांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले आणि फोन लावला. अँब्युलन्स आली, मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं, नाकातोंडावर ऑक्सिजन लावला. दुपारी तीन वाजता मारोतरावांनी डोळे उघडले, बहिणीकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न केला, "काठ खराब तर नाही झाला वं?"

शोभाताई भडकल्या. "काठाले घाला चुलीत!" आयुष्यात पहिल्यांदा भावाला असं बोलल्या, आणि मग तिथंच खाटेवर डोकं टेकून हमसून हमसून रडल्या.

वॉर्डातल्या डॉक्टरांनी सांगितलं, अजून अर्धा तास उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं. हे पंकजनंही ऐकलं. "स्लॅब मी टाकला, खिडक्या मी लावल्या," एवढंच तो परत परत म्हणत राहिला. डॉ. ठवकरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "नुसत्या स्लॅबनं काही झालं नाही. मागानंही काही झालं नाही. झालं ते शेगडीनं. खड्डा काहून बुजवतोस?"

मग कोणाला वाटेल, शोभाताई हिरो झाल्या, संपलं. वस्तीनं तर दुसऱ्या दिवशीच करून टाकलं. पण शोभाताईंचा स्वभाव तसा नाही. सोमवारी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी त्या डॉक्टरांपुढे उभ्या राहिल्या आणि मारोतरावांचं गुलाबी कार्ड टेबलावर ठेवलं. पाचव्या प्रश्नापुढे त्यांच्याच सुबक अक्षरात लिहिलं होतं, नाही.

"डॉक्टर, हे मी विचारलं नव्हतं. माझ्या मनानं लिहिलं. घरी गॅस हाये, शेगडी कुठून येणार, असं वाटलं. अन् खरं सांगू? भावाले असे प्रश्न विचारायले लाज वाटली. एवढ्या मोठ्या माणसाले काय म्हणू, परत म्हणा? सगळ्यायले म्हणते, एका भावालेच नाही म्हटलं. तुम्ही हे वाचलं अन् तुम्हाले वाटलं, शोभानं विचारलं असन."

डॉक्टरांनी कार्ड उचलून पाचवा प्रश्न पुन्हा वाचला. खोटं समाधान करण्याचा त्यांचा स्वभाव नाही. "चूक झाली," ते म्हणाले. "मीही घरी जाऊन पाहायला हवं होतं. पण शोभाताई, चूक सापडली तीही तुम्हालाच. मोठमोठ्या डॉक्टरांना दोन डोकी एका खोलीत दुखतात हे जोडता येत नाही. जा, खिडकी उघडा. लोक आलेत."

रविवारी गवंडी आला होता बरं का. पंकजनं त्याला परत नाही पाठवलं. खड्डा तसाच ठेवला आणि मागाच्या खोलीच्या दोन्ही भिंतींत वर जाळ्या पाडून घेतल्या, हवा खेळती राहील अशा. शेगडी भंगारात गेली. सूत तुटू नये म्हणून खोलीत ओलं पोतं टांगलं, आणि पायांसाठी पंकजनं गरम पाण्याची पिशवी आणि लोकरीचे जाड मोजे आणले. मोजे पाहून मारोतराव म्हणाले, "हे तर सायेबाचे दिसून राहिले," पण घातले.

दहा दिवसांनी, संक्रांत झाल्यावर, मारोतराव दवाखान्यात आले. स्वच्छ धोतर, डोक्याला मफलर, चालणं ताठ. बाकडी भरलेली होती. शोभाताई लगबगीनं उठल्या. "भाऊ, तुमी डायरेक्ट आत चला."

"नंबर दे," मारोतराव म्हणाले.

"अहो भाऊ..."

"नंबर."

चौदा नंबर मिळाला. ते बाकड्यावर दोन माणसांच्या मधे बसले. तासभर बसले. चंद्रभान शेजारीच होते, त्यांनी गप्पा मारायचा प्रयत्न केला, पण मारोतरावांचं लक्ष खिडकीकडे होतं. प्रत्येक माणूस हाताखालच्या चिठ्ठीसाठी कसा मुकाट्यानं परत म्हणतो, ते बघत होते. चेहऱ्यावर हसू येत होतं आणि ते दाबत होते.

तेरावा बाहेर पडला. शोभाताईंनी वही पाहिली. "चौदा. भाऊ, चला."

मारोतराव उठले नाहीत. "कोण भाऊ? इथं भाऊ कोणी नाही. नाव घे."

बाकड्यांवरच्या सगळ्या माना खिडकीकडे वळल्या. थोरल्या भावाचं नाव बहिणीनं घ्यायचं, तेही पन्नास माणसांत? शोभाताईंचा चेहरा लालबुंद झाला. "भाऊ, मी तुमचं नाव कसं घेऊ? आईनं पाहिलं असतं तर..."

"शोभे," मारोतराव शांतपणे म्हणाले, "भाऊ म्हणूनच तू मले विचारलं नाही न? मले बी बहिणीले सांगायची गरज नाही वाटली. दोघंबी शहाणे. आता नाव घे अन् बोलाव, जसं सगळ्यायले बोलावतेस."

शोभाताईंनी पदरानं डोळे पुसले. चष्मा नीट बसवला. वहीवर बोट ठेवलं आणि सगळ्यांना पुकारतात तसंच पुकारलं.

"नंबर चौदा. मारोतराव पराते."

मारोतराव उठले, आत गेले, तपासून आले. खिडकीशी उभे राहिले. आतून एक हात गोळ्यांवर आला, दुसरा चिठ्ठीवर, आणि चष्म्यावरून दोन डोळे वर उठले.

"हं. डॉक्टर काय म्हणाले? परत म्हणा."

मारोतरावांनी हात जोडल्यासारखे समोर धरले आणि शाळेतल्या पोरासारखं, अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल असं म्हटलं, "गोळी रोज सकाळी, विसरायची नाही. पाणी प्यायचं, तहान नसली तरी. तासाभरानं मागावरून उठायचं अन् अंगणात फिरायचं. फिरायले ऊन पडल्यावर. अन् बंद खोलीत शेगडी नाही. धूर असो की नसो. बाबा ठेवत होते तरी नाही."

"अन् डोकं दुखलं तर?"

"लपवायचं नाही. तुझ्या खिडकीत येऊन सांगायचं."

शोभाताईंनी कार्डावर, पाचव्या प्रश्नापुढे, जुनं खोडून नवं "नाही" लिहिलं. या वेळी विचारून. मग दोन्ही हात उचलले. गोळ्या दिल्या, चिठ्ठी दिली.

मारोतराव निघाले, दारापर्यंत गेले आणि वळले. बाकड्यांवरच्या सगळ्या माणसांकडे पाहिलं. त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, तरी एकालाही माहीत नसावं अशा थाटात त्यांनी खिडकीकडे बोट केलं.

"ही माझी लहान बहीण हाये," ते म्हणाले. "हिले मी शाळेत घातली होती."